सकाळचं एक बटण

आमच्या परतूरच्या कापूस गल्लीत राधाकिसनला सगळे ‘कॉम्प्युटरवाला’ म्हणायचे. घराणं वाटूरकडचं, बाप मेंढ्या राखायचा. हा मात्र आधी रेडिओ, मंग टीव्ही आणि औरंगाबादला सहा महिने शिकून आल्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करू लागला. माझं झेरॉक्सचं दुकान त्याच्या शेजारीच. माणूस सरळ, पण तोंडानं कंजूष. चार शब्दांत भागत असेल तर पाचवा बोलायचा नाही. याचा मला लय राग यायचा.

२००५ ची गोष्ट. समोर सर्जेरावांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे अल्बम कॉम्प्युटरवर जुळवायला वेळ लागतो म्हणून त्यांनी राधाकिसनकडून मेमरीची जास्त वेगाची नवी पट्टी बसवून घेतली. पट्टीवरच्या लेबलवर वेग ४०० लिहिलेला. दुसऱ्या दिवशी सर्जेरावांनी दुकानात आल्यावर मशीन परत चालू करून पाहिलं, तर पडद्यावर आकडा आला २६६, म्हणजे जुन्या पट्टीचाच. झालं, माणूस पेटला.

राधाकिसन दुपारी गेला, सेटिंगमध्ये ४०० केलं, मशीन परत चालू करून दाखवलं. बराबर ४००. सकाळी पुन्हा २६६. त्यानं पट्टी काढून खोडरबरानं तिचे पिवळे दात घासले, जागा बदलली, शेवटी दुसरी कोरी पट्टी आणून लावली. दुपारी ४००, सकाळी २६६. असले आठ दिवस गेले. आतला सेल मेला की लाईट तुटल्यावर मशीन सेटिंग विसरतं, हे त्याला काय माहीत नव्हतं? पण सेल मेल्यावर तारीखही चुकते, आणि इथं तारीख रोज बिलकुल बरोबर. म्हणून त्यानं सेलचा संशयच घेतला नाही.

सर्जेराव मात्र गल्लीभर सांगत सुटले, की यानं जुन्या मालावर नवं लेबल चिकटवलं. आता दुरुस्तीवाल्याकडं दुसरं असतं काय? नाव गेलं की दुकानाला कुलूपच. त्यातून अंकुशनगरच्या एका ऑफिसातल्या वीस मशीनांचं काम त्याला मिळायचं होतं, आणि तिथले साहेब सर्जेरावांच्या उठण्याबसण्यातले.

नवव्या दिवशी मीच त्याला दटावलं. म्हटलं, दुपारी काय जातोस, रोग सकाळचा हाय तर सकाळी जा. गेलो दोघंही, स्टुडिओ उघडायच्या वक्ताला.

आमच्या गल्लीत कापसाच्या गाठी असतात. आगीच्या भीतीनं संध्याकाळी जो तो मेन स्विच पाडूनच घरी जातो. स्टुडिओही त्याच रांगेत. दिवसा लाईट गेली तरी इन्व्हर्टर होता, पण संध्याकाळी तोही बंद. तिथं काम करायची आसराबाई, चाळिशीची, टायपिंग शिकलेली बाई. तिनं मेन स्विच वर केला, मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं आणि मशीन थांबलं. तिनं न बघताच एफ-वनचं बटण दाबलं. मंग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहून तारीख घातली, घड्याळात पाहून वेळ घातली, आणि पदर सावरून कामाला बसली.

राधाकिसन बघतच राहिला. त्यानं हळू आवाजात विचारलं, “ताई, हे रोज करता?”

“रोजच की. दोन वर्षं झाली, एक दिवस खाडा न्हाई. तुमीच सांगितलं व्हतं न्हाई का, मशीन बसवलं तवा?”

त्याचा चेहरा उतरला. मशीन बसवलं तेव्हाच सेल गेल्ता. परतुरात मिळाला नाही, जालन्याहून आणतो तोवर एवढं करा म्हणून हा सांगून गेला आणि विसरला. तेव्हा मेमरीच २६६ ची होती, मंग फरक दिसणार कुठून? आता रोज रात्री मशीन सगळं विसरायचं, सकाळी आपल्या मनानं सगळ्यात कमी वेग धरायचं, आणि तारखेची चूक ही बाई मुकाट्यानं दुरुस्त करायची.

त्यानं आपल्या दुकानातून चपटा सेल आणून बदलला, सेटिंगमध्ये ४०० केलं. मेन स्विच पाडून वर केला. ४००. तेवढ्यात सर्जेराव आले. माल खरा होता हे त्यांनी कबूल केलं, पण राग कुठंतरी निघायलाच पाहिजे ना. आसराबाईवर घसरले. दोन वर्षं मशीन बोंबलून राह्यलंय आन तू सांगितलं न्हाईस, उद्यापासून येऊ नको म्हणाले. ती खाली मान घालून उभी. एक शब्द बोलली नाही.

“मालक, त्यांना मीच तसं सांगितलं व्हतं,” राधाकिसन म्हणाला. “सेल आणायचा मी विसरलो. चूक माझी हाय.”

आसराबाई राहिली. गल्लीत मात्र दुपारपर्यंत एवढंच फिरलं, की चूक राधाकिसननं स्वतःच्या तोंडानं कबूल केली. मेमरी खरी होती हे सांगायला कुणाला सवड होती? अंकुशनगरचं काम जालन्याच्या माणसाला गेलं.

मला राहवलं नाही. चांगला झापला त्याला. म्हटलं, शहाण्या, सेल गेला म्हणायचं आन मोकळं व्हायचं. तूच सांगितलंस हे कुणाला कळणार होतं?

“आसराबाईला म्हाईत व्हतं,” तो म्हणाला. “आन ती गपच बसली व्हती.”