घडीवर बेतलेला प्रवास

रेल्वेच्या माणसांचे गणवेश चाळीस वर्षे शिवणाऱ्या शिंप्याने स्वतः मात्र तीन स्थानकांपलीकडे कधी पाऊल टाकले नव्हते, हे ऐकणाऱ्याला खोटे वाटेल. परंतु ते खरे आहे. त्यांचे दुकान स्थानकासमोर होते. गळ्यात मोजपट्टी जेवतानाही असे, म्हणून लहानथोर त्यांना टेपकाका म्हणत. स्थानकातील प्रत्येक अधिकारी त्यांना चेहऱ्यापेक्षा कमरेवरून अधिक ठाऊक होता. कोणाला बढती मिळाली हे सूचनाफलकाच्या आधी त्यांच्या वहीत समजे, कारण बढतीनंतर कंबर दोन इंच वाढते असा त्यांचा अनुभव होता.

माप देताना माणूस बोलत सुटतो आणि माप घेणाऱ्याच्या तोंडात टाचण्या असतात. त्यामुळे चाळीस वर्षे टेपकाकांनी जगभरचे प्रवास ऐकले आणि उत्तरादाखल केवळ "हं" म्हटले. एकदा एका गार्डने बाहीचे माप देता देता सांगितले, "काका, ही लाईन इथं संपत नाही. गाड्या बदलत गेलं तर पार दुसऱ्या खंडाच्या टोकाला पोचते. तिथं रुळांवर एक लाकडी ओंडका आडवा टाकलाय. पलीकडे समुद्र."

गार्ड माप देऊन गेला. ओंडका मात्र टेपकाकांच्या मनात राहिला. सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी तो विषय घरात काढला. अकरा गाड्या बदलून, एकट्याने, ओंडक्यापर्यंत जायचे, असे त्यांनी जाहीर केले.

त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, मागच्या टेबलावर काजे करीत होत्या. त्यांनी सुई न थांबवता विचारले, "दूध आणायला जाता आणि पिशवी विसरून येता. तुम्ही दोन खंड ओलांडणार?"

"अगं, दूध आणायला जाताना मनात उत्साह नसतो."

थोरली मुलगी शाळेत मुख्याध्यापिका होती, आणि घरी आल्यावरही तिला ते पद सोडवत नसे. तिने निकाल दिला, "बाबा, एकट्यानं जायचं असेल तर सगळा आराखडा कागदावर मांडा. तीन आठवडे देते. मग रविवारी तपासनीसकाका तो तपासतील. एक जरी चूक निघाली, तरी हे तुमच्याबरोबर येतील."

'हे' म्हणजे जावईबापू. जावईबापू अत्यंत सद्गुणी गृहस्थ होते. दोष एकच, की तोंडाला बटण नव्हते. त्यांनी त्याच संध्याकाळी बॅग भरली. "बाबा, काळजीच सोडा. येईल त्या स्टेशनाची माहिती मी तुम्हाला वाचून दाखवीन. मोठ्यानं!"

टेपकाकांचे आयुष्यभर दुसऱ्यांचे ऐकून झाले होते. आता खिडकीशी बसून, कोणीही काहीही न सांगता, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. प्रवास तर दोन्ही प्रकारे होणारच होता; प्रश्न होता तो कानांचा.

ते कंबर कसून कामाला लागले. कापड बेतण्याच्या टेबलावर त्यांनी जाड तपकिरी कागद अंथरला आणि एक इंच म्हणजे एक दिवस असे प्रमाण धरले. गाड्या निळ्या पेन्सिलीने, मुक्काम लाल पेन्सिलीने लिहिले. देशाची हद्द जिथे ओलांडायची तिथे टाचणी खोचली. शिवणीच्या आत शिंपी थोडे कापड राखून ठेवतो, जेणेकरून अंग भरले तर उसवून वाढवता यावे. त्याला माया म्हणतात. टेपकाकांनी प्रत्येक गाडीबदलाला एक दिवसाची माया ठेवली. शेवटी समुद्रकाठी सहा दिवस दिले. पारपत्रासाठी बंडीला आतून खिसा शिवला. तीन आठवडे गिऱ्हाइकांच्या पाटलोणी खुंटीवर लटकत राहिल्या.

रविवारी सकाळी तपासनीसकाका वेळापत्रकाचे जाड पुस्तक काखेत मारून आले. ते तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाले त्याला सहा वर्षे झाली होती, तरी समोरचा माणूस विनातिकीटच असणार अशा नजरेने ते पाहत.

"दाखव," ते म्हणाले.

एकेक गाडी त्यांनी पुस्तकात ताडून पाहिली. तिसऱ्या गाडीला त्यांची भुवई वर गेली. सातव्या गाडीला ते पुटपुटले, "ही आठवड्यातून एकदाच सुटते, तेही धरलंयस?"

"धरलंय."

"आणि उशीर झाला तर?"

"माया ठेवलीय. इथं बघ, एक इंच."

"लेका, तू उगाच शिंपी झालास." अकराव्या गाडीवर तपासनीसकाकांनी चष्मा काढला. जावईबापूंचा चेहरा उतरला. टेपकाकांची छाती माप न घेताही दोन इंच वाढल्याचे दिसत होते.

तपासनीसकाकांनी सवयीने कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

"परतीचं कुठाय?"

"ते घडीवर आहे."

"कसल्या घडीवर?"

टेपकाकांनी अडाण्याला शिकवावे तसे शांतपणे सांगितले, "कोटाची पाठ बेतताना कापडाची घडी घालतात आणि अर्धाच नमुना आखतात. उजवी बाजू कापली की डावी आपोआप निघते. तसंच हे. जाणं बेतलं की येणं निघालं. त्याच गाड्या, त्याच वेळा, फक्त उलट्या."

तपासनीसकाका स्टुलावर बसले आणि पोट धरून हसले. "अरे, गाडी म्हणजे काय कोट आहे? मंगळवारी आठला गेलेली गाडी मंगळवारी आठलाच परत येते होय? ही सातवी तर येताना दुसऱ्याच वाटेनं येते! तुझ्या कागदाप्रमाणे तू समुद्रापर्यंत जातोस आणि ओंडक्यावर बसून राहतोस!"

"चूक निघाली," थोरली म्हणाली.

"बॅग भरलेलीच आहे," जावईबापू म्हणाले.

टेपकाकांचा हात टाचण्यांच्या डबीकडे गेला. निदान तोंडात काहीतरी असावे.

तेवढ्यात काकूंनी सुई टोचून ठेवली आणि त्या पुढे आल्या. "यायचं लिहिलंच नाहीत?"

"अगं, ते काय लिहायचं? मी येणारच."

"आपोआप?" काकूंनी कागदावर बोट ठेवले. "चाळीस वर्षं तुमची घडी मी उलगडतेय. डावी बाजू कधी आपोआप नीट निघालीय? दरवेळी अर्धं बोट लोंबते. मीच सरळ करते."

"कधी सांगितलं नाहीस!"

"तुमच्या तोंडात टाचण्या असायच्या. दचकून गिळल्या असत्यात तर?" मग त्या थोरलीकडे वळल्या. "यात चूक कसली? यांनी यांची बाजू केली. उरलेली नेहमी माझ्याकडे येते, ती अजून आलीच नाही. अर्ध्या कोटाची तपासणी तुमच्या शाळेत होते का गं?"

मुख्याध्यापिकेला या मुद्द्यावर नियम सापडेना. तिने संध्याकाळपर्यंत मुदत दिली.

काकू नवा कागद घेऊन तपासनीसकाकांसमोर बसल्या. ही गाडी कधी सुटते, तिथून उतरून पुढची किती वेळाने, थंडी असते का, असे विचारीत त्यांनी काजाच्या टाक्यांसारख्या बारीक अक्षरांत एकेक ओळ भरली. टेपकाकांना टेबलाजवळ येण्याची मनाई होती. दुपारच्या चहापर्यंत डावी बाजू पुरी झाली. मग काकूंनी कात्री उचलली, टेपकाकांच्या कागदाच्या टोकाचे चार इंच कापून टाकले आणि दोन्ही कागद जोडले.

"अगं! समुद्राचे चार दिवस होते ते!"

"दोन ठेवलेत. ओंडका बघायला किती वेळ लागतो?"

तपासनीसकाकांनी कागद पुन्हा ताडून पाहिला आणि खाली सही केली. थोरलीने मान डोलावली. जावईबापूंनी बॅग रिकामी केली. काढताना प्रत्येक सदऱ्याला ते कारण समजावून सांगत होते.

पहिल्या गाडीत टेपकाका खिडकीशी एकटे बसले. समोरची जागा रिकामी होती. गाडी हलल्यावर त्यांनी बंडीच्या खिशातून कागद काढून मांडीवर पसरला आणि सवयीने मोजपट्टी लावली. येण्याची बाजू जाण्याच्या बाजूपेक्षा पाच इंच, म्हणजे पाच दिवस, आखूड भरली. गाडीबदलांची माया काकूंनी निम्मीच ठेवली होती. असा बेढब नमुना त्यांच्या दुकानातून चाळीस वर्षांत बाहेर पडला नव्हता.

त्यांनी तो दोनदा मोजला. मग "हं" म्हटले आणि जोडावरच घडी घालून खिशात ठेवला.