डब्यातल्या छत्तीस बैठका

कवळीकाका बाजारामागच्या दोन खोल्यांत लोकांचे दात बनवत. डॉक्टरांकडून साचे येत, काका दात घडवून, घासून परत पाठवत. कवळी अशी चपखल बसे की घालणारा ती काढायला विसरे.

रविवारी दुपारी मात्र ते शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत पोकर खेळत. खेळत चांगलं, तरी दोनदा सफाचट झाले होते. दुसऱ्यांदा तर दात भाजायच्या नव्या भट्टीसाठी साठवलेले पैसेही गेले. जुन्या भट्टीनं मान टाकली तेव्हा बायकोला ते कळलं.

ती वीजबिलाच्या खिडकीवर बसणारी, आकड्यांत मुरलेली. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "सोडा म्हटलं तर चोरून खेळाल. त्यापेक्षा या खेळाला किती पैसे लागतात ते एकदा मांडून दाखवा."

"ते नशिबावर असतं गं."

"मग तीन वर्षं वहीत काय लिहिताय?"

काकांनी वही उघडली. टेबलावर बसताना पुढ्यात ठेवायची रक्कम म्हणजे एक बैठक. तीन वर्षांत एकूण थोडा नफाच होता; जिंकलेलं वेळोवेळी घरात खर्च झालं होतं. पण मध्ये एका पडत्या काळात अठरा बैठका बुडाल्या होत्या, आणि तेव्हा काकांच्या स्वतःच्या होत्या दहाच. बाकीच्या भट्टीच्या पैशातल्या. खेळ चुकला नव्हता, शिदोरी तोकडी पडली होती. काकांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे अठरा हव्यात," ते म्हणाले.

"याहून वाईट दिवस येणारच नाहीत, असं कुठे लिहिलंय? दुप्पट धरा. आणि सगळे गेले तरी घरात काही अडता कामा नये."

काका खेळत त्या मोठ्या टेबलाच्या छत्तीस बैठका म्हणजे वर्षाची कमाई. जिन्याजवळच्या छोट्या टेबलावर पाचव्या हिश्शात भागे. काकांनी आधी भट्टी घेतली. मग आठ महिने पत्त्यांना हात न लावता छोट्या टेबलापुरते पैसे डब्यात साठवले आणि खाली मान घालून जिन्याजवळ जाऊन बसले.

"काय काका, पुन्हा बालवाडीत नाव घातलं?" शिंपी म्हणाला. सगळे हसले. काकांचे कान तापले, पण ते उठले नाहीत.

तिसऱ्या महिन्यात पत्ते रुसले. रविवारमागून रविवार कोरडे गेले. बायकोनं विचारलं, "किती उरल्या?"

"चौदा," काका म्हणाले. पूर्वी त्यांनी थाप मारली असती.

तिनं मान डोलावली आणि पुढ्यातली भाजी निवडू लागली. सोमवारी काका नेहमीसारखे कवळ्यांचे दात घासत बसले.

हळूहळू पत्ते फिरले. दोन वर्षांनी डब्यात छोट्या टेबलाच्या पन्नास बैठका झाल्या. शिंप्यानं मोठ्या टेबलाकडची खुर्ची ओढून दाखवली.

"या की आता इकडे."

"माझ्या पन्नास बैठका तुमच्या टेबलाच्या हिशेबानं दहाच होतात," काका म्हणाले. "तुम्ही खेळा." आणि ते पत्ते पिसू लागले.