घड्याळाच्या दुकानाचा बोर्ड मी सुधारला

मित्रांनो, शहरातले जुने बोर्ड उतरवण्याआधी मी त्यांची चित्रं काढतो. आज सकाळी महाद्वार रोडवरच्या एका घड्याळाच्या दुकानाचा बोर्ड कागदावर काढला. गर्दीत धक्के लागतात, म्हणून समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर जिन्यात बसलो.

बोर्डावरची अक्षरं वरच्या बाजूला जास्तच उंच होती. मला ती चूक वाटली. कागदावर मी पट्टी लावून सगळी नीट केली.

बाराला कामगारांनी बोर्ड उतरवला, कापला आणि टेम्पोत टाकला. तो ज्यांनी रंगवला होता ते म्हातारे पेंटरचाचा बघायला आले होते. मी जिन्यातून खाली येऊन त्यांना चित्र दाखवलं.

"वरनं बारकी का केलीस रं?"

"चूक वाटली, म्हणून सुधारली."

"चूक न्हाय ती! रस्त्यावरनं मान वर करून बघणाऱ्याला सरळ दिसावीत म्हणून मोठी काढलती की. तू जिन्यात बसून बघणार, हे मला काय ठावं?"

ते हसले. टेम्पो तोवर गेला होता.

मी फोटो काढलेला नाही. कुणाच्या वरातीच्या फोटोत मागे तो बोर्ड आला असेल, तर पाठवाल का? रस्त्यावर उभं राहून काढलेला असावा.