मुशीत गेलेली राजधानी

पौषातलं वारं रात्रभर घोंघावत होतं, ते पहाटे पडलं आणि थंडी जमिनीला चिकटून बसली. कालव्याला पाणी सुटलेलं. आज आकारामच्या रानाची पाळी होती. तांबडं फुटायच्या आत तो कानाला मफलर गुंडाळून, विजार गुडघ्यावर खोचून शाळूत उभा राहिला होता. एक वाफा भरला की खोऱ्यानं त्याचं तोंड बांधायचं, पुढच्याचं फोडायचं. चिखल इतका गार, की पायाची बोटं आपलीच आहेत का हेही कळत नव्हतं. मधूनच खोकल्याची उबळ यायची. मग खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून तो थांबायचा आणि पाण्याला म्हणायचा, "जा रं बाबा तू फुडं, आलोच मी."

हा खोकला इथला नव्हता. तो सात-आठशे किलोमीटर लांबून, तेलुगू मुलखातून आणलेला.

खानापूर तालुक्यातल्या या माळावर तेव्हा कुसळं उगवायची. गावातली निम्मी घरं गलाईच्या धंद्याला परमुलखात गेलेली. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून, त्यातलं हीण तेजाबानं काढून चोख करून द्यायचं. मिसरूड फुटायच्या आधी आकारामला चुलत्यानं, कोंडीबानं, आपल्याबरोबर नेला. तिकडल्या एका बाजारगावात, सराफकट्ट्यावरच्या एका जिन्याखाली कोंडीबाची भट्टी होती. तिथं आकारामनं भाता मारला, सोनं वितळवायच्या मुशी घासल्या, तेजाबाचा पिवळा धूर छातीत भरून घेतला. पुढं तो जिना त्याचाच झाला. बायको धोंडुबाई गावाकडं राहिली. तो वर्षातून एकदा यायचा, सगळ्यांना कापडं आणायचा आणि पाहुण्यासारखा जायचा.

मग भट्टीच्या त्या बाजारगावापलीकडं, नदीच्या काठाला, राज्याची नवी राजधानी बांधायचं ठरलं.

सराफकट्ट्यावर चित्रं लागली. काचेचे मनोरे, तळी, बगळ्यासारख्या पांढऱ्या इमारती. नदीकाठची रानं कसली! केळी, हळद, फुलं. वर्षभर जमिनीला उसंत नाही. ती रानं लोकांनी राजधानीला दिली. बदल्यात नकाशावर प्लॉट मिळाले आणि दर साल काही रक्कम. कुणी जादाची जमीन बाहेरच्यांना विकली. गावात पैसा आला. बायका घोळक्यानं सराफाकडं जायच्या, हात भरून परतायच्या. सगळा बाजार खुशीत, फक्त आकारामची भट्टी गार. कारण लोक सोनं घेत होते, मोडत कुणीच नव्हतं. दोनदा त्यानं गाशा गुंडाळायचं मनात आणलं.

पुढं सरकार बदललं आणि काम थांबलं. अर्धे खांब गजासकट आभाळाकडं तोंड करून उभे राहिले, त्यांच्या बुडाशी बाभळी वाढल्या. दर सालची रक्कम लांबू लागली. रान नाही, म्हणून कामही नाही. त्याच बायका परत बाजारात आल्या, पण आता पदराखाली काहीतरी झाकून. आकारामची भट्टी दिवसभर ढणढणू लागली. बांगड्या, साखळ्या, लग्नातले कंबरपट्टे. तोल तो चोख करायचा, भाव खरा द्यायचा, दागिन्यातले खडे काढून कागदाच्या पुडीत ज्याचे त्याला परत करायचा. तरी गावाकडं स्लॅबचं घर झालं, कालव्यापासून पाइपलाइन आली, ते सगळं त्या दिवसांत. हे त्याला ठाऊक होतं आणि यावर तो कुणाशी बोलत नसे.

छातीनं दगा दिल्यावर दुकान पोराच्या हाती सोपवून तो घरी आला. आता राजधानीचं काम पुन्हा धडाक्यात सुरू झालं होतं, आणि पोराच्या, विश्वजितच्या, डोक्यात एकच भुंगा शिरला होता. तिथल्या नव्या बाजारात स्वतःचा गाळा घ्यायचा. त्यासाठी रस्त्याकडचं हे शाळूचं रान विकायचं. विट्याचा एक व्यापारी पोल्ट्री टाकायला ते घ्यायला तयारच होता. बापाला पटावं म्हणून विश्वजितनं काल रात्री गाडीतून साक्षीदारच आणला होता. कोटय्या. राजधानीला रान दिलेला शेतकरी, आकारामचं जुनं गिऱ्हाईक.

पाण्याचा आवाज बदलला म्हणून आकारामनं मान वळवली. चार वाफे पलीकडं कोटय्या उभा. लुंगी वर बांधलेली, अंगावर विश्वजितचं जाकीट. पायानंच मातीचं ढेकूळ सरकवून त्यानं वाफ्याचं फुटलेलं तोंड बांधलं होतं.

"झोप लागली नाही का, कोटय्यागारू?" आकारामनं तिकडच्या रीतीनं मानाचं 'गारू' लावून तेलुगूत विचारलं.

"लागली. पण पाणी ऐकलं." कोटय्या वाकून चिखलात हात घालत म्हणाला. "आमच्याकडं आता रस्ता झालाय. सहा पदरी. सकाळी उठून मी त्याच्यावर चालतो. डॉक्टर म्हणतात, चांगलंय."

"आणि रानाचं काम?"

"गच्चीवर रंगाच्या डब्यांत वांगी लावलीत. सून म्हणते, डास होतात."

दोघं हसले. मग त्यांनी मिळून उरलेलं रान भिजवलं.

दिवस कासराभर वर आल्यावर धोंडुबाई पाटीत भाकरी आणि वांग्याचं भरीत घेऊन आली. मागं विश्वजित, बूट चिखलात बुडू नयेत म्हणून बांधावरून तोल सांभाळत. कोटय्यानं भाकरीचा तुकडा भाताच्या घासासारखा कुस्करायला घेतला.

"आवं, पाव्हण्याला सांगा, भाकरी अशी तोडायची. त्यो बगा, पीठच करायला लागलाय परत," धोंडुबाई म्हणाली.

"खाऊ दे की गं. तुजी भाकर हाय, कुस्करली तर नशीब म्हण," आकाराम म्हणाला.

"व्हय, तिकडं खानावळीचं खाऊन दात गेलं, आता माजी भाकर कडक लागती!"

विश्वजितला दम निघत नव्हता. "आबा, इचारा की यास्नी. तीन कवडीला कोण घेत न्हवतं, त्या प्लॉटचा भाव आता कुठं गेलाय ते. तुमीच इचारा, मी सांगितलं की म्हणाल पोरगं फुगवतंय."

आकारामनं विचारलं. कोटय्यानं खरं ते सांगितलं. भाव चांगला वाढलाय. धाकट्याचं शिक्षण त्यावरच झालं. रान दिल्याचं वाईट वाटतं का, तर रोज नाही वाटत.

"बगा!" विश्वजित म्हणाला.

"बगितलं." आकारामनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि कोटय्याकडं वळला. "मला एकच सांगा. हा नव्या बाजारात बसला, तर याच्याकडं सोन्याची मोड घेऊन कोण येईल?"

कोटय्यानं हातातला घास खाली ठेवला. "मोड? तिथं अधिकारी राहायला येणार. भाड्यानं. त्यांचं सोनं त्यांच्या त्यांच्या गावी. दुकानदार बाहेरचे." मग तो जरा ओशाळं हसला. "आणि आम्हा लोकांकडचं मोडायचं होतं, ते तुमच्या मुशीत गेलं, आकारामगारू. माझ्या आईचा कंबरपट्टासुद्धा. त्याचे तांबडे खडे अजून आहेत घरात, तुम्ही दिलेल्या पुडीत."

आकाराम खाली बघू लागला. धोंडुबाईला तेलुगू कळत नव्हतं, पण नवऱ्याचं तोंड कळत होतं.

"काय म्हणाला रं त्यो?" तिनं पोराला विचारलं. विश्वजितनं सांगितलं, जरा अडखळत.

"आपला धंदा जुन्या घरावर चालतो, बाबा," आकाराम म्हणाला. "ज्या घरात तीन पिढ्यांचं काय तरी पेटीत हाय. नव्या शहरात गाळा मिळंल, काच मिळंल, जुनं सोनं कुटनं आणशील?"

"काळ बदलतोय आबा. मशीन घालू. मोठं सराफ येतील तितं."

"मग भाड्यानं गाळा घे. चाललं तर चाललं. जिन्याखालचं दुकान सोडू नगंस."

"भाड्यानं कोण विचारतंय तितं! मालक पायजे."

"इश्वा," धोंडुबाई मधेच म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "सात-बारा बापाच्या नावावर हाय खरा. पर ह्यो तिकडं धूर खात हुता तवा हितली खडी मी येचली. पोटूशी असताना येचली, तुज्या येळंला. पाणी आलं कवा, तर आत्ता. आन् आत्ताच कोंबड्या बसवायच्या व्हय रं? रान न्हाई इकायचं. बापानं इकतो म्हटलं तरी न्हाई."

आकारामनं बायकोकडं पाहिलं. इतक्या वर्षांत रानाबद्दल तिला कधी विचारलंच नव्हतं, हे त्याला आत्ता जाणवलं. तो पोराला म्हणाला, "आयकलंस न्हवं? मग झालं तर."

विश्वजित उठला. बूट चिखलात गेले तरी त्याला भान नव्हतं. गाडीपाशी जाऊन त्यानं व्यापाऱ्याला फोन लावला, बोलायचं टाळून ठेवून दिला, पुन्हा लावला. या खेपेला मात्र बोलला. वाऱ्यावरून तुटक तुटक शब्द आले: "न्हाई... आमच्या आईचं न्हाई म्हणणं हाय... तुमी दुसरीकडं बगा."

कोटय्यानं उरलेली भाकरी, यावेळी नीट तोडून, संपवली.

"गाभण म्हस वरडाय लागलीया," धोंडुबाई पाटी डोक्यावर घेत म्हणाली. "सकाळधरनं वैरण न्हाई तिला."

आकाराम पाय धुऊन गोठ्याकडं गेला. कुट्टीच्या यंत्राचं बटण दाबलं, कडब्याची पेंढी सोडली आणि पात्यापासून हात जपत एकेक धाट आत सारू लागला.