तारखांसकट चिकटवही

बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता, ‘खुर्ची’. चहा हवा असला तरी खुर्ची, पंखा बंद करायचा असला तरी खुर्ची. पहिल्या दिवशी आम्ही खरोखरच खुर्च्या आणत राहिलो. नाहूरच्या आमच्या दोन खोल्यांत होत्या तेवढ्या सगळ्या पलंगाभोवती जमल्यावर बाबांनी डाव्या हातानं कपाळ धरलं. त्यांना समजत सगळं होतं, शब्द तेवढे सापडत नव्हते. डॉक्टरांनी बजावलं होतं, बोलायचा प्रयत्न त्यांना सोडू देऊ नका. ते गप्प बसले तर परत येऊ शकणारं बोलणंही येणार नाही.

मी तेव्हा नोकरी करत होते आणि अडचण आली की यादी करायची सवय मला तेव्हाही होती. पाणी, चहा, औषध, पंखा, संडास, अंग पुसणं. प्रत्येक गोष्टीचं एक चित्र चिकटवलेली वही केली, तर बाबांनी बोट ठेवायचं आणि आम्ही ते करायचं. सोपं होतं. चित्रांसाठी कपाटावर जुन्या कॅलेंडरांच्या गुंडाळ्या होत्याच. औषधाचं दुकान, टायरवाला, साडीचं दुकान, सगळे दरवर्षी वाटायचे आणि चांगलं चित्र टाकवत नाही म्हणून आई ठेवून द्यायची. शेजारच्या काकूंनीही त्यांच्याकडचा गठ्ठा आणून दिला.

आईची अट एकच होती, देवांना कात्री लावायची नाही. अर्धा गठ्ठा तिथेच बाद झाला. उरले बर्फाचे डोंगर, मांजराची पिल्लं, ट्रॅक्टर, धबधबे आणि एक गुटगुटीत बाळ. पाण्याचा तांब्या एकाही कॅलेंडरवर नव्हता.

“संडासाचं चित्र तर मिळणारच नाही,” मी म्हटलं.

“भिंतीवर वर्षभर ते कोण टांगेल गं?” काकू म्हणाल्या. “बंद दाराचं लाव एखादं.”

शेवटी पाण्याला धबधबा, चहाला चहाचा मळा, पंख्याला शिडाची होडी आणि अंग पुसायला ते बाळ, असं ठरवलं. मैद्याची खळ शिजवली, झुरळांनी वही खाऊ नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घातलं. चित्राखालची तारखांची पट्टी मी प्रत्येक पानावरून काटेकोर कापून टाकली. गेल्या वर्षांच्या तारखा आता कशाला हव्या होत्या? वही मोठी देखणी झाली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी धबधब्यावर बोट ठेवलं. मी पेला भरून आणला. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा धबधब्यावर बोट आपटलं.

आईला लगेच कळलं. “प्यायचं नाहीये त्यांना. भांडं आण लवकर.”

असे घोळ मी धरून चालले होते. पण एका संध्याकाळी ऑफिसातून आल्या आल्या मी वही उघडून एकेक चित्र विचारत सुटले. पाणी झालं? औषध झालं? अंग पुसलं? बाबांनी बाळाच्या चित्रावर बोट ठेवलं, मग तेच बोट स्वतःच्या छातीवर. माझ्याकडे बघत त्यांनी वही मिटली, पलंगाखाली ढकलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर ते ‘खुर्ची’ही म्हणेनासे झाले. आई अंदाजानं पाणी द्यायची, ते प्यायचे. नाही दिलं तर तसेच राहायचे. मी नवी चित्रं शोधली, मोठी, रंगीत. त्यांनी वहीला हात लावला नाही. डॉक्टरांचं बोलणं मला दिवसभर ऑफिसात ऐकू यायचं.

संकष्टीला संध्याकाळी काकू आल्या. बाबा कारखान्यात टाइमकीपर होते, त्यामुळे बिल्डिंगमध्ये उपास करणाऱ्या बायका चंद्रोदय त्यांनाच विचारायच्या. प्रत्येकीच्या घरी कॅलेंडर होतं, पण बाबा वेळ सांगायचे आणि आभाळ बघून वर शेराही मारायचे. काकूंनी नेहमीसारखंच दारातून विचारलं, “भाऊजी, चंद्र कधी आज?”

मी पटकन सांगायला गेले. आईनं माझं मनगट धरलं.

बाबांनी पलंगाखाली बोट दाखवलं. मी वही काढून दिली. त्यांनी धबधबा उलटला, मळा उलटला, होडी उलटली. चित्रांकडे ते बघतही नव्हते. प्रत्येक पानाच्या खालच्या कडेवरून, जिथं मी पट्टी कापली होती तिथून, त्यांचं बोट फिरत होतं.

मी भिंतीवरचं चालू कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी त्या दिवसाची चौकट लगेच शोधली आणि त्यातल्या बारीक अक्षरांवर बोट टेकवलं.

“चष्मा नाही आणला मी,” काकू म्हणाल्या. “तुम्हीच सांगा. आठ का?”

बाबांनी जोरात नकारार्थी मान हलवली. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. मग अगदी हळू, पहिलीतल्या मुलासारखं, त्यांनी सुरुवात केली. “एक. दोन. तीन.” शब्द अडखळत येत होते, पण रांगेत येत होते. “आठ. नऊ.” नऊवर ते थांबले आणि काकूंकडे बघितलं.

“नऊ,” काकू म्हणाल्या. “म्हणजे अजून बराच वेळ उपाशी.” आणि त्या गेल्या. आई उगाचच आत गेली आणि बराच वेळ डबे वरखाली करत राहिली.

पुढच्या रविवारी मी दुसरी चिकटवही केली. गेल्या वर्षीचं तारखांचं कॅलेंडर घेतलं आणि त्याची पानं आकड्या-वारांसकट अख्खी चिकटवली. चित्र एकही नाही. एकटा शब्द त्यांना सापडत नसे, पण ओळीत सुरुवातीपासून चालत गेले की ते तिथवर पोचत. सोमवारपासून निघाले की शुक्रवार यायचा. किती वाजता जेवणार विचारलं की एकपासून निघायचे आणि बारापर्यंत सगळ्यांनी थांबायचं. मी नियम केला, मध्ये कोणी आकडा सुचवायचा नाही. आई हातात भाताचा डाव घेऊन उभी राहायची.

पुढच्या संकष्टीला काकूंना धीर धरवला नाही. बाबा सातवर असतानाच त्या म्हणाल्या, “दहा ना?”

बाबांनी त्यांच्याकडे रागानं बघितलं आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.