सारसाच्या बांधीतला रोवणा

वनरक्षक म्हणून साकोलीकडच्या गावांत फिरू लागले तेव्हा एक गोष्ट लवकर कळली. खाकीतली बाई कागद घेऊन दारात आली, की घरातले धास्तावतात. त्या पावसाळ्यातला कागद तर जमिनीचाच होता. एका शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, कोपऱ्यातल्या गवतात सारसाच्या जोडीनं घरटं केलं होतं. ती जागा आता संरक्षित आहे, हे त्याला सांगायचं होतं.

'संरक्षित' हा शब्द माझ्या तोंडून निघाला आणि तो उठलाच. "यंदा बांधी पडीत राह्यली, का तिले झुडपी जंगल म्हनतीन. मंग आमचं का राह्यते, बाई?" ही भीती काही हवेतली नव्हती. झुडपं वाढलेल्या जमिनी कागदोपत्री जंगल झाल्याचं आमच्या भागात सगळ्यांनीच ऐकलं आहे. पण पुढचं न ऐकताच तो निघून गेला, याचा मला भारी राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधीवर पोचले आणि डोकंच फिरलं. नवरा-बायको वाकून रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करत होते, आणि रोपांच्या ओळी घरट्याकडे सरकत होत्या. ओरडणारच होते, पण काहीतरी वेगळं वाटलं. आमच्याकडे गाण्याशिवाय रोवणा होत नाही. हे दोघं मात्र चिडीचूप होते. रोपांच्या जुड्यासुद्धा फेकत नव्हते, हातानं नेऊन ठेवत होते. घरट्याभोवती बैलगाडी फिरेल एवढी जागा मोकळी सोडली होती. एक सारस अंड्यांवर निवांत बसलेला, दुसरा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मुकादमासारखा उभा. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मी धुऱ्यावरच बसून त्याला कागद वाचून दाखवला. शेती बंद करायची नव्हतीच. घरट्याला हात लावायचा नाही आणि पिल्लं निघेपर्यंत जवळपास फवारणी करायची नाही, एवढंच होतं.

"अन् सातबारा?"

"तुमच्याच नावावर राहील."

त्यानं तेच आणखी एकदा विचारून घेतलं. मग चिखलाच्या हातानंच कपाळ पुसलं आणि बायकोला हळूच सांगितलं, "आयकलं का वो, बांधी आपलीच हाये म्हनते बाई."

तिनं कंबर सरळ केली नाही की हातही थांबवला नाही.

"त मी पहाटपासून कोनाच्या बांधीत रोवून राह्यली?"