सहा हजार सातशेला नको म्हटलेलं तिकीट: येडशी, येरमाळा, सास्तूर

गेल्या आठवड्यात माझ्या बायकोने, शोभाने, माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि हातात हेल्मेट ठेवलं. आमची दोन दिवसांची सहल ठरली ती अशी.

कारण सांगतो. माझी थोरली बहीण, सास्तूरची आक्का, हिने शिवणकाम करून मुलीला शिकवलं. त्या मुलीचा, हर्षदाचा, आता गुवाहाटीत पदवीदान समारंभ आहे. आक्का विमानात कधी बसलेली नाही, त्यामुळे तिला पुण्याहून गुवाहाटीला न्यायची जबाबदारी मामा म्हणून माझ्यावर आली. तारीख कळली त्या दिवशी तिकीट माणशी सात हजार दोनशे होतं. शहाण्या माणसाने तिथंच काढलं असतं. मी लेख वाचत बसलो. एक म्हणत होता दीड महिना आधी काढा, दुसरा म्हणत होता तीन आठवडे आधी, तिसरा म्हणत होता मंगळवारी स्वस्त मिळतं. तिन्ही लेख एकमेकांना खोटं पाडत होते, म्हणून मी तिन्ही पाळायचं ठरवलं. आक्काचा फोन आला तेव्हा मात्र "सात हजार दोनशेत झालंच समज" असं सांगून मोकळा झालो.

त्यालाही तीन आठवडे झाले होते. भाव उतरला की फोनवर सूचना येईल अशी सोय केली होती, आणि जेवताना फोन ताटाच्या शेजारी ठेवत होतो. शोभाचा संयम संपला तो ताटापाशीच.

सोमवारी सकाळी धाराशिवहून मोटारसायकलवर निघालो. येडशीपर्यंत चौपदरी रस्ता आहे, अर्धा तास पुरतो. तिथून रामलिंगाच्या अभयारण्याकडे वळलं की हवा बदलते. देऊळ खाली घळीत आहे. पायऱ्या उतराव्या लागतात, आणि पाऊस होऊन गेलेला असेल तर ओढ्याचं पाणी खळाळत असतं. खायचं काही हातात ठेवू नका, माकडं हक्काने मागून घेतात. जाणाऱ्यांना एक सूचना: आमच्या फोनला तरी खाली रेंज नव्हती. इतरांना ही सोय वाटेल. मी तीन वेळा पायऱ्या चढून वर आलो. तिसऱ्या वेळी फोन डोक्यावर धरून उभा होतो, आणि कठड्यावरचं एक माकड माझ्याकडे काळजीने बघत होतं.

तेवढ्यात सूचना आली. सहा हजार सातशे.

मागून शोभा धापा टाकत वर आली. तिने आकडा पाहिला. "घ्या की मग."

"उद्या मंगळवार आहे," मी म्हणालो.

"बरं." तिने पाण्याची बाटली उघडली, दोन घोट घेतले आणि हेल्मेट घातलं.

दुपारी येरमाळ्याला पोचलो. येडेश्वरीच्या डोंगरावर जाणाऱ्यांनी ऊन चढायच्या आत जावं. आम्ही उशीर केला होता, म्हणून महामार्गावरच्या एका हॉटेलात बसलो. पिठलं, भाकरी, ठेचा, दोघांचे एकशे ऐंशी. हॉटेलवाल्या काकांच्या गल्ल्यामागे सोयाबीनची पोती थप्पीला लावलेली होती.

"विकली नाहीत अजून?" मी विचारलं.

"भाव यीना. थांबलोय."

मला जोडीदार सापडला. मीही थांबलोय म्हणून मी त्यांना विमानाची सगळी हकीकत सांगितली, मंगळवारसकट. त्यांनी ती शांतपणे ऐकली.

"म्हंजी तुमी माल घेणार का इकणार?"

"घेणार."

"मग तुमी कशाला थांबता? थांबायचं ते माल ज्याच्या घरात हाय त्यानं. हितं पोती माझी हायती, म्हणून म्या थांबलोय. तुमच्या घरात काय हाय?"

"ह्यांच्या घरात फोन आहे," शोभा म्हणाली. त्या दिवसातलं तिचं हे पहिलं लांब वाक्य.

आमच्या भागातला माणूस भावासाठी थांबायला लहानपणीच शिकतो. विकताना थांबायचं की घेताना, हे मात्र मला कुणी विचारलं नव्हतं. काकांचं म्हणणं पटलं. तरी तिकीट काढलं नाही, कारण मंगळवार आता फक्त काही तासांवर होता.

रात्री मुक्कामाला घरीच परतलो. मंगळवारी सकाळी धाराशिवचे गुलाबजाम बांधून घेतले आणि लोहाऱ्याच्या रस्त्याने सास्तूरला निघालो. दीड-पावणेदोन तास लागतात. बैलगाड्या आणि मोटारसायकली एकाच ऐटीत चालतात, त्यामुळे घाई करण्यात अर्थ नाही. दोन्ही दिवसांचं मिळून पेट्रोल साडेचारशेचं लागलं. गावात शिरण्याआधी एका लिंबाखाली थांबून भाव पाहिला. नऊ हजार शंभर. समारंभाआधी पोचवणारं विमान एकच होतं, आणि त्यात दोनच जागा उरल्याचं लाल अक्षरांत लिहिलं होतं. मी फोन खिशात ठेवला. पुन्हा काढला. आकडा तोच.

आक्काच्या दारात तीन शेजारणी बसल्या होत्या. खाटेवर बुद्धविहाराच्या कार्यक्रमांना नेसते ती पांढरी साडी इस्त्री करून ठेवलेली, आणि तिच्यावर नवीन शिवलेलं पोलकं. आक्का चुलीपुढून म्हणाली, "आलास? ह्यांना तिकीट दाव. खरं वाटंना ह्यांना."

शेजारणी उठून आत आल्या. मी शोभाकडे पाहिलं. ती गुलाबजामाचा डबा फार मन लावून उघडत होती.

"आक्का, तिकीट काढलेलं नाही अजून," मी म्हणालो. आजचा आकडा सोडून सगळं सांगितलं. दोनच जागा उरल्यात हेही सांगितलं.

आक्का परातीत भाकरी थापत राहिली. नंतर म्हणाली, "किती वाचवाया निघाला हुतास?"

"पाचशे. फार तर हजार."

"पोरीनं चार वर्सं पेपर दिलं, एकदाबी मंगळवार बघितला न्हाय." शेजारणी हसल्या. आक्का हसली नाही. तिने भाकरी तव्यावर टाकली. "ही फुगायच्या आत काढ. न्हायतर माझी मी रेल्वेनं जाती. पोचायची तवा पोचीन."

रेल्वेचं आरक्षण फार पुढचं मिळत होतं; पोचली असती ती समारंभ संपल्यावर. हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.

तीस वर्षं मी वेळेला बांधून बातम्या लिहिल्या. मुदत नसली की मला काही सुचत नाही, मुदत मिळाली की बोटं आपोआप चालतात. दोघांची नावं भरली. पैसे भरताना ओटीपी येईना, म्हणून अंगणात गेलो, मग रस्त्यावर. सास्तूरचे रस्ते सरळ आणि रुंद आहेत, त्यामुळे फोन वर धरून पळणारा मी बऱ्याच घरांना दिसलो असणार. ओटीपी आला. परत आत आलो तेव्हा भाकरी आरावर टम्म फुगलेली होती.

"झालं," मी म्हणालो.

"खिडकी?"

"तुलाच."

"मग जेवा."

ज्यांना अशीच सहल करायची आहे त्यांनी येडशीला सकाळी जावं, येरमाळ्याला पिठलं खावं आणि तिकीट घरून निघण्याआधी काढावं. कुठल्या वाराला, ते मला विचारू नका.

संध्याकाळी धाराशिवला परतलो. भावाची सूचना मी बंद केली. नंतर तो उतरला की चढला, मला माहीत नाही, आणि हे न माहीत असणं बरं वाटतंय. जेवताना आक्काचा फोन आला. तिकिटाचा कागद तिने लोहाऱ्याहून छापून आणवला होता आणि गल्लीत फिरवला होता.

"किती पडलं म्हणून इचारत हुत्या समद्या," ती म्हणाली.

"मग?"

"सात हजार दोनशे सांगितलं. किंमत लिव्हलेली ती कड दुमडली."

"खोटं कशाला सांगायचं?"

"तूच तर सांगितलं हुतंस," आक्का म्हणाली. "भाऊ खोटं बोलला म्हणू व्हय त्यांना?"